एका टोचणीत सापडलेली शीर

१

कर्करोगाच्या डॉक्टरांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी मांडले आणि माझ्याकडे सरकवले. पहिला कागद आमच्याच प्रयोगशाळेचा होता. रक्तात गाठीचा मागमूस नाही, असं त्यात छातीठोकपणे म्हटलं होतं. दुसरा त्यानंतर तीन महिन्यांनी काढलेल्या स्कॅनचा. त्यात यकृतावर इतके डाग होते की मोजणाऱ्याने मध्येच नाद सोडून ‘अनेक’ असं लिहून टाकलं होतं. दोन्ही कागद एकाच माणसाचे होते.

“तुमच्या कागदावर विसंबून मी त्यांची औषधं थांबवली,” डॉक्टर म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी चष्मा नाकावर ढकलला. त्याच्या एका काडीचा स्क्रू कधीचा सैल झाला होता आणि तिथे दोरा गुंडाळून मी वेळ मारून नेत होते. मी निवृत्त बाई. सगळी नोकरी सूक्ष्मदर्शकात डोळे घालून काढली. आता गुडघे कुरकुरतात, लिफ्ट बंद दिसली की मी मनातल्या मनात घरी परत जाते, पण प्रयोगशाळेत काही बिनसलं आणि तिथल्या साहेबांचा फोन आला की निमूट येते. समोर मला सगळे मॅडम म्हणतात आणि पाठ फिरली की आत्याबाई. दुसरं नाव जास्त खरं आहे.

ही तपासणी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सुटतात. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीतून आम्ही तिच्या खास खुणा शोधून ठेवतो आणि पुढे अधूनमधून त्याच माणसाच्या रक्तात त्या खुणांचे तुकडे धुंडाळतो. सापडले, तर रोग अजून कुठेतरी दबा धरून आहे. लिक्विड बायॉप्सी म्हणतात तिला. सुरीऐवजी सुई, एवढंच. स्कॅनवर दिसायच्या आधी रक्तात कळतं, म्हणून तर डॉक्टर मंडळी तिच्यावर भिस्त ठेवतात.

हा पेशंट आतड्याच्या कर्करोगाचा. ऑपरेशननंतर एकदा रक्तात खुणा सापडल्या, थोड्याच, पण सापडल्या. म्हणून औषधं सुरू झाली. काही डोस झाल्यावर पुन्हा रक्त तपासलं तर सगळं स्वच्छ. औषधांनी काम केलं असं सगळ्यांनी धरलं, आणि ते धरण्यात कुणाचीच चूक नव्हती.

तपासणी कधीकधी हुकते हे मलाही माहीत आहे. पण यकृतात पसरलेला रोग रक्तात भरपूर तुकडे सोडतो. एक तुकडाही न सापडणं मला पटेना. डॉक्टरांनाही पटत नव्हतं. नळ्यांची अदलाबदल झाली असणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

साहेबांनी गुन्हेगार शोधूनही ठेवला होता. शीतकक्षात काम करणारी एक मुलगी, जिला सगळे बर्फवाली म्हणत. रक्ताच्या नळ्या तिच्या हातात येत. ती त्या यंत्रात फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढी, अर्धा तपासणीला देई आणि अर्धा फ्रीझरमध्ये राखून ठेवी. शुक्रवारी चौकशी समिती बसणार होती आणि समितीत काय ठरणार हे साहेबांच्या चेहऱ्यावर आधीच ठरलेलं दिसत होतं. पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

मी शीतकक्षात गेले तेव्हा ती एक नळी उजेडात धरून तिच्यावरचं लेबल वाचत होती. वाचलं, नळी खाली ठेवली, परत उचलली, परत वाचलं. आणि परत.

माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, “मॅडम, मी मारलं का त्यांना?”

२

बसून बोलायला तिथे एकच स्टूल होतं. माझा गुडघा बघून तिने ते मला दिलं. त्या दिवशी काय झालं ते तिने मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा सारखंच सांगितलं. नळ्या एकेक करून फिरवल्या, एकीचं काम पुरं झाल्याशिवाय दुसरी उघडली नाही. पण आता तिचा स्वतःच्याच हातांवर भरवसा उरला नव्हता. घरी दाराला कुलूप लावलं तरी ती जिन्यातून परत वर जाऊन बघत होती.

चष्मेवाल्यांची नळी आठवते का, असं मी विचारलं. पेशंट व्यवसायाने चष्मे बनवणारे होते, म्हणून आमच्याकडे त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत. तिला आठवत होती.

“प्लाझ्मा दुधाळ होता, मॅडम. पातळ ताकासारखा. बघूनच वाटलं, काहीतरी तेलकट-तुपकट खाऊन बसलेत. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, म्हणून मी पुढे पाठवला.”

साहेबांनी हा दुधाळपणा लगेच उचलला. चरबीने तपासणीत अडथळा येतो, मुलीने नमुना परत पाठवायला हवा होता, म्हणजे चूक तिचीच. चरबीने अडथळा येतो हे खरं, पण इतकाही नाही. तपासणीच्या यंत्राला डीएनए भरपूर मिळाला होता, फक्त त्यात गाठीचा नव्हता.

मला दुसरीच गोष्ट खुपत होती. अदलाबदल म्हणजे दोन नळ्या. चष्मेवाल्यांच्या नावावर दुसऱ्याचं स्वच्छ रक्त गेलं, तर त्यांचं आजारी रक्तही कुणाच्या तरी नावावर गेलं असणार. त्या दिवशीच्या प्रत्येक पेशंटची नंतरची तब्येत आणि तपासण्या मी मागवून बघितल्या. ज्याचं वाईट आलं त्याचं खरंच वाईट होतं, ज्याचं चांगलं आलं तो खरंच चांगला होता. चष्मेवाल्यांचं आजारी रक्त कुणाच्याच वाट्याला गेलेलं नव्हतं. ते आमच्या इमारतीत आलं तरी होतं का, असं मला वाटायला लागलं.

म्हणून मी सुईवाल्याला गाठलं. घरोघरी जाऊन रक्त काढणारा हा गडी तेव्हा नोकरीला नवाच लागला होता. आपल्यावर शेकणार हे ओळखून त्याने आधीच कानावर हात ठेवले.

पत्ता बरोबर होता, खाली चष्म्याचं दुकान, वर घर. खुर्चीत बसलेल्या माणसाला त्याने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, त्या माणसाने दोन्ही बरोबर सांगितली. नळीवर लेबल त्याच्यासमोरच चिकटवलं आणि सीलबंद पेटीतून थेट प्रयोगशाळेत आणलं. वाटेत चहालाही थांबलो नाही, असं तो दोनदा म्हणाला, म्हणजे थांबला असणार. पण पेटीचं सील शाबूत होतं, हे बर्फवालीनेही सांगितलं होतं.

“सोपं काम होतं, मॅडम,” तो म्हणाला. “शीर अशी दोरीसारखी वर आलेली. एका टोचणीत मिळाली. टक्कल बघून वाईट वाटलं फक्त. म्हटलं, बिचाऱ्याला औषधं चालू आहेत.”

मी मान डोलावली आणि ते ऐकून सोडून दिलं. थकलेल्या माणसाचं असंच होतं. कानावर पडतं, आत शिरायला वेळ लागतो. त्याच्या बोलण्यात सगळं उत्तर होतं आणि मी मात्र पेशंटच्या घरी लिफ्ट असेल का याचा विचार करत होते.

३

लिफ्ट नव्हती. जिना अरुंद होता आणि कठडा हलत होता. वर पोचेपर्यंत मी तपासनीस कमी आणि पेशंट जास्त दिसत असणार, कारण चष्मेवाल्यांच्या बायकोने मला आधी खुर्ची दिली, मग पाणी, आणि मगच कोण तुम्ही म्हणून विचारलं.

चष्मेवाले खिडकीशी बसले होते. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण डोक्यावर पांढऱ्या केसांचं दाट छप्पर होतं. मी बघतेय हे बघून बायको म्हणाली, “जेवण गेलं, झोप गेली, वजन गेलं. यांचे केस तेवढे जागचे हलले नाहीत. या औषधांनी जात नाहीत म्हणे फारसे. मला म्हणतात, बघ, एवढी एक गोष्ट तरी निष्ठावान निघाली.”

चष्मेवाले हसले. त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे नव्हतं, काडीला गुंडाळलेल्या दोऱ्याकडे होतं.

“हा अत्याचार किती दिवस चाललाय?” त्यांनी विचारलं. “द्या इकडे.”

मी म्हटलं, आधी काम, मग चष्मा. दाराजवळ एक धिप्पाड माणूस टोपी घालून उभा होता. हा त्यांचा धाकटा भाऊ. ट्रक चालवायचा, लांबलांबच्या फेऱ्या करायचा, आणि दादा आजारी पडल्यापासून प्रत्येक फेरीनंतर आधी इथे येऊन मग स्वतःच्या घरी जायचा. बोलायला फारसा नव्हता. मी काय विचारतेय यापेक्षा दादाला उन्हाची तिरीप लागतेय का, याकडेच त्याचं लक्ष होतं. पडदा सरकवून आला आणि पुन्हा दाराशी उभा राहिला.

त्या दिवशीची सकाळ बायकोला चांगली आठवत होती. आदल्याच दिवशी यांचा डोस झाला होता. पाण्याचा घोटसुद्धा ठरत नव्हता. भाऊजी भल्या सकाळी प्रवासातून आले, त्यांना तिने लोण्यात अंडी करून घातली, आणि त्या वासाने यांना पुन्हा मळमळायला लागलं म्हणून ती उलटीच्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेली. परत आली तोवर रक्त काढून माणूस गेलासुद्धा होता.

“मी नसले की सगळी कामं झटपट होतात,” ती म्हणाली. “एरवी रक्त काढायचं म्हणजे घरात सुतक. इस्पितळातल्या नर्सेस यांचा हात बघून एकमेकींकडे बघायच्या.”

चष्मेवाल्यांनी बाही वर केली आणि दोन्ही हात मला दाखवले. औषधांनी शिरा जळून आत गेल्या होत्या. कातडीखाली काळपट रेघा उरल्या होत्या, सुकलेल्या ओहोळासारख्या. मनगटापासून कोपरापर्यंत सुई घालायला जागा नव्हती.

मी आभार मानून निघाले. बोलण्यात काही राहिलं नव्हतं असं मला वाटत होतं. कठडा धरून चार पायऱ्या उतरले आणि मग सुईवाल्याचं बोलणं एकदम आत शिरलं. शीर दोरीसारखी. एका टोचणीत. डोक्यावर टक्कल. आणि नळीत लोण्याचा दुधाळ प्लाझ्मा, ज्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं त्याच्या नावाचा.

मी जिन्यातच खाली बसले आणि बर्फवालीला फोन लावला. राखून ठेवलेला अर्धा प्लाझ्मा अजून फ्रीझरमध्ये होता. त्याला कुणी हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा नाही, असं मी तिला सांगितलं.

४

प्रत्येकाच्या डीएनएत जन्मापासूनच्या काही खुणा असतात. त्यांचा गाठीशी संबंध नाही, त्या आईबापांकडून येतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत. नमुना त्याच माणसाचा आहे का, हे त्यांवरून कळतं. आमच्या प्रयोगशाळेत ही ओळख पेशंटच्या पहिल्या नमुन्याला तपासत. पुढच्या नमुन्यांना तपासत नसत. एकदा ओळख झाली की पुन्हा कशाला, असा रिवाज पडला होता, आणि तो मी नोकरीत असतानाही होता.

त्या दुधाळ प्लाझ्माची ओळख तपासायला मी साहेबांना भाग पाडलं. काम दुसऱ्या माणसाने केलं, बर्फवालीला खोलीबाहेर ठेवून, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. मी तिच्यासाठी चहा आणला, तो तिने हातात धरून गार केला.

निकाल आला. रक्त चष्मेवाल्यांचं नव्हतं.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे अदलाबदलच, म्हणजे हिचीच चूक, असं ते म्हणाले आणि उठायलाही लागले. मी त्यांना खाली बसायला सांगितलं. कागदावर खाली आणखी एक ओळ होती आणि साहेबांना खालच्या ओळी वाचायची सवय नव्हती. हे रक्त परक्याचंही नव्हतं. जन्माच्या खुणांपैकी इतक्या खुणा चष्मेवाल्यांशी जुळत होत्या की आईबाप एकच असल्याशिवाय तसं होत नाही.

बाकावरून बर्फवाली आत बघत होती.

साहेबांनी एक शेवटची पळवाट काढली. ऑपरेशनच्या वेळी भावाचं रक्त चढवल्याची नोंद आहे, तेच अजून अंगात फिरत असेल. मी म्हटलं, चढवलेलं रक्त काही महिन्यांत नाहीसं होतं, आणि नसतं झालं तरी चष्मेवाल्यांचं स्वतःचं रक्त कुठे गेलं? या नळीत त्यांचा स्वतःचा एकही तुकडा नाही. माणसाच्या अंगातून त्याचं सगळं रक्त जाऊन भावाचं राहिलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?

साहेबांनी कागद परत हातात घेतला आणि खालची ओळ वाचली. नळी बरोबर होती, लेबल बरोबर होतं, पेटी बरोबर होती. त्या दिवशी खुर्चीत बसलेला माणूसच दुसरा होता. आता फक्त एकच गोष्ट कळायची राहिली होती, आणि ती कळून घ्यायची मला मुळीच इच्छा नव्हती. आजारी भावाचा उपचार थांबवणारं रक्त धाकट्याने समजूनउमजून दिलं होतं का?

५

या खेपेला जिना चढायची वेळच आली नाही.

भाऊ खाली दुकानात होता. चष्मेवाले कामाच्या टेबलाशी बसले होते, समोर दिव्याखाली कुणाची तरी फ्रेम. बायको वर होती. मी आडवळण घेतलं नाही. भावाला विचारलं, त्या दिवशी खुर्चीत तुम्ही बसला होतात का?

त्याने टोपी काढली. डोकं तुळतुळीत होतं.

“बसलो होतो,” तो म्हणाला. लपवायचं काही आहे असं त्याच्या गावीही नव्हतं. “त्याचे हात बघितलेत ना तुम्ही? मी त्याला म्हटलं, पुरे आता, तुझ्याऐवजी मी बसतो, माझं घेऊ दे. ऑपरेशनच्या वेळी तुमच्याच लोकांनी माझं रक्त तपासून घेतलं. जुळतंय म्हणाले, चढवलं त्याला. त्याच्या अंगात चाललं, मग तुमच्या नळीत का नाही चालायचं?”

इतक्या वर्षांत मला खूप प्रश्न विचारले गेले, पण हा कुणी विचारला नव्हता. मग सावकाश सांगितलं. जुळणं वेगळं आणि तेच असणं वेगळं. गाठ दादाच्या अंगात होती, तिचे तुकडे दादाच्याच रक्तात असणार. तुमच्या रक्तात ते कसे सापडतील? नाहीच सापडले. म्हणून औषधं थांबली.

त्याला समजायला वेळ लागला नाही. समजलं तसा तो काउंटरला टेकला आणि मग हळूहळू खाली जमिनीवरच बसला. एवढा मोठा माणूस. टोपी हातात चुरगाळत राहिला.

“म्हणजे माझ्यामुळे,” तो म्हणाला.

मी खरं शोधून काढलं होतं आणि मला त्याची शिसारी आली. एका मुलीच्या डोक्यावरचं ओझं उचलून मी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि याच्या डोक्यावरून ते कोणतीही समिती उतरवणार नव्हती. मी निघायला वळले. तेव्हा सुईवाल्याची एक गोष्ट आठवली, जी अजून कुठे बसली नव्हती.

मी भावाला विचारलं, “त्याने जन्मतारीख विचारली. तुम्हाला दादाची जन्मतारीख पाठ आहे?”

त्याने मान हलवली. “मला माझ्या पोरांच्या आठवत नाहीत. दादानंच पाठ करून घेतली सकाळी. चुकलो तर परत म्हणायला लावली.”

“माझं रक्त देतो, असं तुम्ही म्हणालात त्यानंतर?”

तो विचार करायला लागला. फ्रेमवरचा दिवा चष्मेवाल्यांनी बंद केला.

“त्याला नका विचारू,” ते म्हणाले. “आधी. तारीख आधी पाठ करून घेतली. मग मी हात दाखवून कण्हत बसलो. तो बोलणार हे मला माहीत होतं. रक्त काढायला माणूस आला तेव्हा मी आतल्या खोलीत पडून राहिलो. लहानपणापासून माझ्या वाटचा मार खायला तो पुढे यायचा.”

“तुम्हाला कळत होतं, रिपोर्ट काय येईल.”

“बाई, मी जन्मभर लोकांचे नंबर काढले. एकाचा नंबर दुसऱ्याला लागत नाही, एवढं मला कळतं.”

वरच्या पायरीवर त्यांची बायको येऊन उभी राहिली होती. त्यांनी तिला बघितलं, पण थांबले नाहीत. औषधांनी बोटं बधिर झाली होती, ते म्हणाले. स्क्रू चिमटीत आहे की पडला, ते डोळ्यांनी बघावं लागायचं. चहा पत्र्यासारखा लागायचा. ज्या टेबलाशी आयुष्य गेलं त्याच्यापर्यंत उतरून येणं होत नव्हतं. थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर ही रडली असती, डॉक्टर समजावत बसले असते, धाकट्याने ट्रक सोडून इथे मुक्काम ठोकला असता, आणि शेवटी मी हो म्हटलं असतं.

“मला हो म्हणायचा कंटाळा आला होता,” ते म्हणाले. “कुणाला नाही म्हणायची ताकद नव्हती. वाटलं, कागदच नाही म्हणू दे.”

बायको खाली आली. “मी रडले असते,” ती म्हणाली, “पण ऐकलं असतं हो. एकदा विचारून तरी बघायचं.”

मला त्यांचा राग आला आणि तो मी गिळला नाही. तुमचं शरीर, तुमची औषधं, तुमचा अधिकार, सगळं कबूल. पण तुमच्या एका कंटाळ्यापायी तिकडे एक मुलगी स्वतःला खुनी समजतेय, घराचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघतेय, आणि परवा तिची नोकरी जाणार आहे. आणि हा इथे खाली बसलाय तो बघा.

मुलीचं त्यांना ठाऊक नव्हतं. यंत्र चुकलं असं म्हणतील, यंत्राला कुठे काय वाटतं, असं त्यांनी धरलं होतं. यंत्रामागे कुणी बसलेलं असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मग टेबलाचा आधार घेत उठले, भावाजवळ गेले आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. बसताना इतका त्रास झाला की बायको धावली.

“ऊठ,” ते त्याला म्हणाले. “तू काही केलं नाहीस. मी केलं. तू मला पुन्हा एकदा पाठीशी घातलंस, एवढंच. या वेळी तुला सांगितलं नव्हतं.”

भावाने टोपी तोंडावर धरली. त्याचे खांदे हलताना मी दुसरीकडे बघत राहिले.

चष्मेवाल्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मला आधी कळलंच नाही. मग मी चष्मा काढून दिला. त्यांनी दोरा कापून टाकला, ड्रॉवरमधून मुंगीएवढा स्क्रू चिमटीत उचलला आणि न बघता, नुसत्या बोटांनी, जागेवर बसवला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा बसला.

“हे करायला मला ते महिने हवे होते,” ते म्हणाले. “आता शुक्रवारी किती वाजता यायचं ते सांगा.”

६

समितीसमोर ते स्वतः आले, एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला बायको. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मला सांगितलं तेच त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, कुठे मीठमसाला नाही की रडणं नाही. साहेब टेबलाच्या कडेला नखाने काहीतरी खरवडत होते. बर्फवालीवरचा ठपका तिथल्या तिथे निघाला. प्रत्येक नमुन्याची ओळख प्रत्येक वेळी तपासायची, हेही ठरलं. हा रिवाज आधी मोडला असता तर तीन महिन्यांपूर्वीच सगळं उघडं पडलं असतं, असं मी म्हटलं. त्या रिवाजात मीही नोकरी केली आहे, त्यामुळे फार आवाज चढवता आला नाही.

औषधं चालू राहिली असती तर काय झालं असतं, असं भावाने डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं. सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरं होतं. रक्तातल्या खुणांवरून एखादं वेगळं, सोसेल असं औषध बसतंय का ते बघता येईल, असंही म्हणाले. त्यासाठी ताजं रक्त हवं होतं. सगळे चष्मेवाल्यांकडे बघायला लागले. रक्त घ्या, ते म्हणाले, रिपोर्ट आला की काय करायचं ते मी ठरवीन, आणि या वेळी तोंडाने सांगेन. बायकोने त्यांचा हात सोडला नाही, पण रडलीही नाही.

रक्त सुईवाल्यालाच काढायला लावलं. एका टोचणीत मिळालं नाही. दोनातही नाही. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि चष्मेवालेच त्याला धीर देत राहिले. भाऊ समोर उभा राहून प्रत्येक टोचणी बघत होता. या वेळी तो मध्ये पडला नाही.

ती नळी घेऊन मीच शीतकक्षात गेले. बर्फवालीने हातमोजे चढवले, नळी यंत्रात ठेवली, यंत्र फिरून थांबेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मग तिने ती उजेडात धरली. प्लाझ्मा स्वच्छ, फिकट पिवळा होता. दूध नाही, लोणी नाही. सकाळपासून त्यांनी थोडा चहा घेतला होता, बस.

“यांचं वाईट येईल ना, मॅडम?” तिने विचारलं.

“येईल,” मी म्हटलं. “पण यांचं येईल.”

तिने मान हलवली. प्लाझ्माचे दोन भाग केले, एक तपासणीला बाजूला ठेवला, एक राखायला घेतला. मध्येच माझ्याकडे वळून बघितलं आणि विचारलं, चष्मा नवा केलात का. जुनाच आहे, मी म्हटलं, स्क्रू तेवढा बसवून घेतला. कुणाकडून ते तिने विचारलं नाही. मग तिने राखायच्या नळीवरचं लेबल एकदाच वाचलं, नळी आत ठेवली आणि फ्रीझरचं दार लावलं.